सिंहगडाचं नाव वाचूनही मी पैसे भरले

खोट्या सरकारी ऑर्डरच्या नादात माझे एकूण ८२,१५० रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण नातेवाइकांत तो आता पावणेदोन लाखांवर गेला आहे. छापखान्याला कागदासाठी दिलेले ३५,००० यात धरलेले नाहीत. ते मी आपणहून दिले, छापखानेवाल्याचा त्यात काही दोष नाही.

अकरा वर्षं मी आपल्या मुलखाची प्रवास-मार्गदर्शिका काढते. कुणाच्या हॉटेलात फुकट राहून लिहीत नाही. एसटीचं तिकीट माझं, खोलीचं भाडं माझं, हर्णैहून सुवर्णदुर्गाला नेणाऱ्या होडीचे पैसेही माझे. जाहिराती घेत नाही. पुस्तकं खपली की पुढची फेरी. वाट बदलली, होडी बंद झाली तर वाचकांनी कळवावं म्हणून पाठीमागच्या पानावर माझा नंबर छापलेला असतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्याच नंबरावर फोन आला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, हे सगळ्यांना माहीत आहे. बाराही मी पाहिलेले आहेत. जिंजीसाठी तिंडिवनमला उतरून पुढे बसने गेले होते. नव्या आवृत्तीत त्यांचा वेगळा विभाग केला होता. फोनवरचा माणूस म्हणाला, आमची एजन्सी एका सरकारी खात्याचं काम बघते, पाहुण्यांना वाटायला तुमच्या ३,००० प्रती हव्यात, २२० रुपये दराने. म्हणजे ६,६०,०००. मराठी स्वच्छ, बोलणं अदबीचं. "मॅडम, साहेबांनी तुमचं साल्हेरचं पान वाचलं. वाघांब्याची वाट इतकी नीट कुणी लिहिली नाही म्हणाले."

ते पान त्याने फोन लावण्याआधी दहा मिनिटं वाचलं असेल. पण अकरा वर्षांत असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हावरटपणामुळे फसले असं जे म्हणतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मला पैशांपेक्षा ते कौतुक लागलं.

मग पत्र आलं. वर तीन सिंहांची मुद्रा, जावक क्रमांक, सही, गोल शिक्का, आणि खाली बारा किल्ल्यांची यादी. त्या यादीत सिंहगड होता. लोहगड नव्हता.

सिंहगड त्या बारांत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ज्या खात्याने हे किल्ले जगापुढे मांडले म्हणतात, त्याच्या पत्रात ही चूक होईल का? तिथेच पत्र बाजूला सारायला हवं होतं. मी काय केलं? लाल अक्षरांत दुरुस्ती करून पत्र परत पाठवलं: 'सिंहगडाऐवजी लोहगड. जिंजी तामिळनाडूत आहे, महाराष्ट्रात नाही. कृपया नोंद घ्यावी.' तासाभरात सुधारलेलं पत्र आलं, तोच जावक क्रमांक, तीच तारीख. कुठलं सरकारी कार्यालय तासाभरात पत्र बदलून देतं? रात्री जाग येते ती याच प्रश्नाने.

पुढचं लवकर सांगते. पुरवठादार नोंदणीचे २,५०० आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे २,९५०. दोन दिवसांनी तीन टक्के अनामत, १९,८००. मग जीएसटी: सहा लाख साठ हजारांवर १८ टक्के, म्हणजे १,१८,८००, त्यातले निम्मे आत्ता. ५९,४००.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. मी स्वतः शून्य लिहून बिलं करते. हे मी त्याला बोलले होते, गप्प बसले नव्हते. तो म्हणाला, "मॅडम, ही खरेदी प्रचारसाहित्यात जाते, बिल पास झालं की परत मिळेल." माहितीपत्रकांना कर लागतो हे ठाऊक असल्यामुळे मला ते पटलं. पण कर लागला तरी तो विकणाऱ्याने सरकारकडे भरायचा असतो, खरेदी करणाऱ्याच्या माणसाला द्यायचा नसतो. आणि मी तो कुठे भरला? एका व्यक्तीच्या बचत खात्यात. आयएफएससी कोडवरून शाखा शोधायला अर्धं मिनिट लागतं. मी शोधली ती पैसे गेल्यावर. शाखा परराज्यातली निघाली. सरकारी अनामत कुणा माणसाच्या बचत खात्यात भरत नाहीत. कुणीही, काहीही सांगो.

चौथी मागणी आली, 'बिल काढण्याचा खर्च' २७,५००. तेव्हा मुलाने पत्र बघितलं आणि एवढंच विचारलं, "आई, सरकारी पत्र जीमेलवरून का आलंय?"

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, त्याच मिनिटाला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पण शेवटचे पैसे जाऊन चार दिवस झाले होते. तुमच्यावर वेळ आली तर पहिल्या तासात करा, घरच्यांना काय वाटेल याचा विचार नंतर.

आणि मग पोलीस ठाणं. "ताई, तुम्ही शिकलेल्या, पुस्तकं लिहिता, आणि असं कसं?" हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं, एकानेही त्या बँक खात्याचा नंबर लिहून घेतला नाही. सायबरचं जिल्ह्याच्या गावी जा म्हणाले. तिथे गेले तर खातं परराज्यातलं, तिकडे तक्रार करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद वाचून परत माझ्या हातात दिला. साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही म्हणून तिसरी खेप. चौथ्या खेपेला अर्जाची पोच मिळाली, गुन्हा नाहीच. बँकेत एकच उत्तर: ओटीपी तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या संमतीचा, आमची जबाबदारी येत नाही. मी संमती पुस्तकं विकायला दिली होती, लुटायला नाही. त्या खात्यात ११,३०० रुपये गोठवलेले आहेत. ते हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलाची फी किती, ते विचारायची आता माझी हिंमत नाही.

मोठी ऑर्डर आली तर त्या सरकारी खात्याच्या कार्यालयात स्वतः फोन करा, पत्रावर छापलेल्या नंबरावर नव्हे. पत्र पाठवणाऱ्याचा ईमेल गव्ह डॉट इन (gov.in) किंवा निक डॉट इन (nic.in) वर संपतो का ते बघा. माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला पैसे द्यायचे नसतात, हे तर भाजीवालीलाही कळतं. मला कळलं नाही.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. गेल्या आठवड्यात कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. तेही गडांवरची पुस्तिका स्वतःच्या खर्चाने काढतात. त्यांना आलेल्या पत्राचा फोटो त्यांनी मला पाठवला, खरं आहे का विचारायला. यादीत सिंहगड नव्हता. लोहगड होता, आणि जिंजीपुढे 'तामिळनाडू' लिहिलेलं होतं. दुरुस्ती माझी होती. २,९५० त्यांनी भरले होते. १९,८०० दुसऱ्या दिवशी भरणार होते, ते थांबले.