आवत्याच्या धानात उशिरा खपवलेलं तणनाशक

रोवणीला मजूर मिळत नाही म्हणून जो आवत्या करतो, म्हणजे रोप न लावता थेट बी पेरतो, त्याची सगळी भिस्त तणनाशकावर असते. हे कृषी केंद्रातला लबाड विक्रेता पक्कं ओळखून असतो. म्हणून एक प्रश्न तो मुद्दाम विचारत नाही: पेरून किती दिवस झाले?

बहुतेकदा गळ्यात पडतं ते उरलेलं पेंडीमेथॅलीन. ३० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण) हे तण उगवण्याआधीचं औषध. पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत, ओल्या जमिनीवर, एकरी सुमारे १.३ लिटर २०० लिटर पाण्यातून, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १०० मिली. धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरणी असेल तर बी फुगवणाऱ्या पहिल्या पावसापासून दिवस मोजायचे. दहाव्या दिवशी पाखड, हे धानातलं गवती तण, वर आलेली असते, तिला याने काही होत नाही. लव्हाळ्याच्या गाठी तर वेळेवर मारूनही जुमानत नाहीत. तरी 'अजून चालते, थोडं जास्त टाका' म्हणत बाटली दिली जाते. नाही खपली तर ती वर्षभर फळीवरच राहणार असते ना!

यात पैसे जातात, पीक तरी राहतं. प्रेटिलाक्लोर या दुसऱ्या तणनाशकात पीकच जातं. ५० टक्के ईसी हे रोवणीच्या धानाचं. चिखलावर मोड आलेलं बी फेकलं असेल तर सेफनर घातलेलं ३०.७ टक्क्यांचं लागतं, कारण कोवळ्या कोंबाला तो सेफनरच वाचवतो. ते शिल्लक नसलं की 'औषध तेच, टक्के जास्त' असं सांगून पन्नासचं हातात देतात. धान विरळ उगवतं आणि बोल लागतो बियाण्याला.

मग तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी त्याच दुकानात उगवलेल्या तणावरचं बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के एससी (दाट द्रव), वर एक टॉनिक चिकटवलेलं. याची खरी वेळ १५ ते २५ दिवस, तण तीन-चार पानांवर असताना. एकरी १०० मिली, दहा पंप धरले तर पंपाला १० मिली, सपाट पंख्यासारखा फवारा देणाऱ्या फ्लॅट फॅन नोझलने. बांधीतलं पाणी आधी काढायचं, तण उघडं पडलं पाहिजे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरायचं. फुटवे फुटलेली पाखड दुप्पट मात्रेनेही पिवळी पडून परत हिरवी होते.

हे औषध मुळात सावकाश काम करतं, आणि बनावट बाटली विकणाऱ्याला तेच सोयीचं. 'धीर धरा' म्हणत तो तुमचे दिवस घालवतो. वेळेवर, बरोबर मारून आठ-दहा दिवसांत तणाचा शेंडा पिवळा पडला नाही, तर बाटलीवर संशय घ्या. दुसऱ्याच दिवशी सगळं करपलं तरीही घ्या.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: तुमचीच फवारणी चुकली. उशिरा मारलं असेल तर ते खोडता येत नाही. म्हणून पेरणीची आणि फवारणीची तारीख लिहून ठेवा, बांधीत एक पट्टा न फवारता सोडा, फवारलेल्या आणि न फवारलेल्या दोन्ही भागांचे फोटो काढा. बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि परवाना क्रमांक हवाच. कच्च्या चिठ्ठीला किंमत नाही. लेखी तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच द्या. निरीक्षक नमुना घेतो तो दुकानातल्या सीलबंद मालातून, तुमच्या फोडलेल्या बाटलीतून नव्हे. ती बॅच विकून संपली की तपासायला काही उरत नाही.