आयडाहोच्या चार नद्यांची सोडत : पाचपैकी चार तारे

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सॅमन नदीची मिडल फोर्क ही शाखा, मेन सॅमन म्हणजे सॅमनचा मुख्य प्रवाह, सेलवे आणि स्नेक अशा चार नामांकित नद्या आहेत. त्यांच्यावर स्वतःची राफ्ट घेऊन उतरायचं, रोज रात्री काठावर मुक्काम करत पाच-सात दिवस खाली जायचं, तर परमिट लागतं. उन्हाळ्यातलं परमिट सोडतीतून मिळतं. रिक्रिएशन डॉट गव्ह या अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर १ डिसेंबर ते ३१ जानेवारी अर्ज घेतात आणि १४ फेब्रुवारीच्या सुमारास निकाल लागतो. या सेवेला मी पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढे सांगतेच. पण आयडाहोच्या राजधानीतल्या, बॉइझीतल्या, आमच्या मराठी मंडळींत या सोडतीला नावं ठेवणारेच जास्त भेटतात, म्हणून आधी चार का दिले ते.

"नदीवर जायला कसलं आलंय परमिट?" हा प्रश्न मला दर गणपतीत कोणी ना कोणी विचारतं. मी मूळची रोह्याची, कुंडलिकेच्या काठची. वर कोलाडला भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सुटतं आणि राफ्टमागून राफ्ट निघतात. त्यात मजा आहे, माझ्या भाचरांना मीच तिथे नेते. पण त्या नदीवर तुम्ही एकटे कधीच नसता. सॅमन नदीच्या मिडल फोर्कवर मात्र वळणामागून वळण जातं आणि दुसरी राफ्ट दिसत नाही. ही शांतता आपोआप राहिलेली नाही. तिथे उन्हाळ्यात दिवसाला फक्त सात गट पाण्यात सोडतात, खासगी आणि व्यावसायिक धरून. सेलवेवर तर दिवसाला एकच. १५ मे ते ३१ जुलै हा तिचा सोडतीचा हंगाम, म्हणजे साऱ्या मोसमात ७८ गट, आणि त्यातलेही काही व्यावसायिकांचे. एवढ्या थोड्या जागांसाठी देशभरातून अर्ज येतात. ही म्हाडाची सोडत समजा, फक्त इथे घराऐवजी एका ठरलेल्या सकाळी नदीत उतरायचा हक्क मिळतो.

आणि तो हक्क पैशाने विकत मिळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अर्जाला सहा डॉलर लागतात. नंबर लागो न लागो, ते परत मिळत नाहीत. नंबर लागला की काही नद्यांवर माणशी थोडं शुल्क भरायचं. बस्स. व्यावसायिक कंपनीबरोबर हीच सफर करायची तर माणशी हजारो डॉलर मोजावे लागतात. सोडतीत मात्र शाळेतली शिक्षिका आणि बँकेचा मोठा साहेब एकाच टोपलीतल्या चिठ्ठ्या. परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ज्याच्या नावावर ते निघालं तो माणूस स्वतः, ओळखपत्रासकट, उतरण्याच्या जागी हजर पाहिजे. कोणाला हे जाचक वाटतं. पण ही अट नसती तर परमिटांचा बाजार भरला असता, याबद्दल मला शंका नाही.

अर्ज भरायला वेळ लागत नाही. नदी निवडा, तारखा पसंतीक्रमाने द्या, गट किती जणांचा ते लिहा, पैसे भरा. विचार करावा लागतो तो तारखांचा, आणि तिथे बहुतेक जण भावनेच्या भरात जातात. सगळ्यांना जुलै हवा असतो. पाणी बेताचं, ऊन छान, मुलांना सुट्टी. कोणत्या तारखेला किती अर्ज आले होते याचे मागच्या वर्षांचे आकडे अमेरिकन वनखात्याकडून जाहीर होतात. ते उघडून बघा. जूनचा पहिला आठवडा आणि ऑगस्टची अखेर यांना मागणी कमी असते. पण ती का कमी असते हेही ओळखून घ्या. जूनच्या सुरुवातीला बर्फ वितळून नदी फुगलेली असते, पाणी बर्फासारखं गार असतं आणि मिडल फोर्कवर राफ्ट पाण्यात उतरवण्याची जागा म्हणजे बाउंडरी क्रीक, तिथे जाणारा रस्ता कधीकधी बर्फाने बंदच असतो. ऑगस्टअखेर वरच्या पंचवीसेक मैलांत दगडच दगड वर येतात. मग लोक छोट्या विमानाने इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर सामान उतरवून तिथून सुरुवात करतात. त्याचा खर्च वेगळा.

चार नद्यांपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न मला सोडतीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण संकेतस्थळ तुम्हाला हे विचारत नाही की बाई, तुला वल्हवता येतं का? मिडल फोर्क जवळपास शंभर मैलांची, अरण्यातून जाणारी, गरम पाण्याच्या झऱ्यांची. सनफ्लॉवरचा झरा तर कातळावरून थेट नदीकाठी अंगावर घेता येतो. पण व्हेल्व्हेट फॉल्स हा धबधब्यासारखा अवघड टप्पा पहिल्याच दिवशी समोर येतो आणि वरून तो चटकन दिसत नाही. मेन सॅमन त्या मानाने मोकळी. लाटा मोठ्या, पण वाळूचे रुंद किनारे, उन्हाळ्यात कोमट पाणी. आईवडिलांना किंवा आठ-दहा वर्षांच्या मुलांना न्यायचं तर मी तिचंच नाव सुचवते. तिच्यावर मोटारीच्या जेटबोटी चालतात, तेवढं मनाला पटवून घ्यायचं. स्नेक नदीचं हेल्स कॅन्यन म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल नदीघळ. तिथेही जेटबोटी आहेतच. सेलवेच्या वाटेला मात्र पहिल्या-दुसऱ्या वर्षी जाऊच नये. पाणी चढलं की ती क्षमा करत नाही, आणि मदत फार लांब असते.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल.

या सोडतीला मागचं काही आठवत नाही. वर्षानुवर्षं अर्ज करणारा आणि काल पहिल्यांदा नदीचं नाव ऐकलेला, दोघांची चिठ्ठी सारख्याच वजनाची. मागच्या वर्षी मिडल फोर्क करून आलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रांगेत उभा राहतो आणि त्यालाही तेवढीच संधी मिळते. याहून बरा मार्ग अॅरिझोनात चालू आहे. ग्रँड कॅन्यनमधल्या कोलोरॅडो नदीसाठी पूर्वी प्रतीक्षायादी होती. ती इतकी लांबली की लोक दहा-दहा वर्षांहून जास्त ताटकळत. २००६ साली ती मोडून राष्ट्रीय उद्यानाने वजनाची सोडत आणली. गेल्या काही वर्षांत जो त्या नदीवर गेलेला नाही त्याला जास्त संधी, म्हणजे पाच चिठ्ठ्यांपर्यंत. जो नुकताच जाऊन आला त्याला कमी. शिवाय एका माणसाने वर्षात एकदाच जायचं, मग खासगी गटातून असो की कंपनीच्या राफ्टमधून. अर्जाचं शुल्क तिथे पंचवीस डॉलर, म्हणजे चौपट. पण न्याय जास्त आहे. शिवाय गटात निदान एक तरी माणूस तशा पाण्याचा अनुभव असलेला असावा, अशी तिथे अट आहे. आयडाहोच्या चार नद्यांनी या दोन्ही गोष्टी उचलाव्यात असं मला मनापासून वाटतं. संगणकाला कोण कधी गेलं हे लक्षात ठेवायला काय जड आहे?

दुसरी अडचण आपणच तयार करतो. बारा मित्रांचा गट असला की बाराही जण वेगवेगळा अर्ज भरतात, कोणाचाही नंबर लागला तरी सगळे मिळून जातात. नियमात बसतं, सगळे करतात, आमचा गटही करतो. पण त्यामुळे नवरा-बायको आणि दोन मुलं एवढंच कुटुंब असलेल्यांची संधी आपोआप आटते. एकाच गटातल्या दोघांचे नंबर लागले तर निदान नको असलेली तारीख लगेच परत करा. मिळालेली तारीख १५ मार्चपर्यंत पक्की करायची असते आणि न स्वीकारलेल्या तारखा १६ मार्चला सकाळी आठ वाजता, बॉइझीच्या घड्याळाप्रमाणे (माउंटन टाइम), सगळ्यांसाठी खुल्या होतात. तुमची सोडलेली तारीख तिथे कोणाच्या तरी वर्षभराच्या आशेला पुरी पडते. उन्हाळ्यात पुढेही रद्द झालेल्या तारखा संकेतस्थळावर येत असतात. आठ-पंधरा दिवसांत सामान आणि सुट्टी जुळवू शकणाऱ्याने तिकडे रोज एक नजर टाकावी.

परमिट हातात आल्यावर खरी परीक्षा बाउंडरी क्रीकला. तिथे रेंजर सामान तपासतात, आणि मला ही तपासणी या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. शेकोटीसाठी लोखंडी पॅन आहे का? राख परत न्यायचा डबा? फावडं, बादली? आणि शौचपेटी, जिला इथले नदीवाले ग्रूव्हर म्हणतात. गटातल्या सगळ्यांची सगळ्या दिवसांची विष्ठा तीत भरून परत आणायची, काठावर काही पुरायचं नाही. मुंबईहून आलेल्या माझ्या आतेबहिणीने पहिल्या दिवशी तोंड वेडंवाकडं केलं. तिसऱ्या दिवशी पेटीचं झाकण नीट बसलंय की नाही हे तीच बघत होती. "इतक्या लोकांनी मुक्काम केलाय, पण काठावर एक कागद नाही गं," असं म्हणाली.

भांड्यांचं पाणीही गाळूनच टाकायचं. रात्री पिठलं-भात झाला की जाळीवर शितं, मोहरी, कढीपत्त्याचे देठ राहतात. ते बॅटरीच्या उजेडात चमच्याने खरवडून कचऱ्याच्या पिशवीत भरायचे. एक शीत राहिलं तर मुंग्या येतात, मुंग्यांमागून आणखी काही येतं, आणि पुढच्या रात्री तिथे दुसरा गट उतरणार असतो. मुक्कामाच्या जागाही रेंजरसमोर बसून, नकाशावर बोट ठेवून, बाकीच्या गटांशी बोलून ठरतात. मोठ्या गटाला मोठी जागा, छोट्याला छोटी. नको ती ओढाताण होत नाही, कारण त्या दिवशीचे सगळे गट मोजके असतात आणि सगळ्यांना आपण किती नशीबवान आहोत याची जाण असते.

मिडल फोर्क आणि सेलवे या दोन्ही नद्या १९६८ च्या वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स कायद्याने संरक्षण मिळालेल्या पहिल्या आठ नद्यांच्या यादीत आहेत. त्या कायद्यामागे आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च होते, आणि १९८० मध्ये राखलेल्या इथल्या अरण्याला आज त्यांचंच नाव आहे. नद्या अशा सरकारने राखल्या, पण सोडतीचं संकेतस्थळ एका खासगी कंत्राटदाराकडून चालवून घेतलं जातं आणि अर्जाच्या शुल्कातला वाटा कोणाला किती, यावर अमेरिकेत बरीच टीका होते. ती टीका मला रास्त वाटते. न लागलेल्या अर्जाचे सहा डॉलर थेट नदीच्या देखभालीला जातात असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तर मी ते आणखी आनंदाने दिले असते.

भारतातून कोणी येणार असेल तर व्हिसा आधीच हातात हवा. फेब्रुवारीच्या मध्यात निकाल आणि जुलैत सफर, मधल्या पाच महिन्यांत मुलाखतीची तारीख मिळेल या भरवशावर राहू नका. राफ्ट, वल्ही, लाइफ जॅकेट, शौचपेटी हे सगळं भाड्याने मिळतं, पण निकाल लागला की त्याच आठवड्यात सांगून ठेवा. तुमच्या गाड्या उतरण्याच्या जागेपासून सफर संपते तिथे नेऊन ठेवणाऱ्यांच्या तारखाही लवकर भरतात. आणि गटात निदान दोघांनी तरी आधीचा पूर्ण उन्हाळा पेयेट नदीवर वल्हवून हात बसवलेला असावा. मेन पेयेट बॉइझीपासून तासाभरावर आहे आणि तिथे शिकवणारे भरपूर आहेत.

सोडतीत नाव नाहीच आलं तर सप्टेंबर आहे. मिडल फोर्कची सोडत ३ सप्टेंबरला संपते, मेन सॅमनची ७ ला. त्यानंतरही परमिट लागतंच, पण ते आधी येईल त्याला मिळतं, चिठ्ठी नाही. मुलांच्या शाळेतून आठवडाभराची रजा काढावी लागते. आमच्या गटाने ती काढली आहे, आणि यंदाही काढणार आहोत.