बंद घरात ताजी हवा: हीट रिकव्हरी व्हेंटिलेशनबद्दल माझं मत

हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन म्हणजे घरातली हवा बाहेर टाकताना तिची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी यंत्रणा. ‘९० टक्के उष्णता परत’ असं यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि घेणारे बहुतेक तेवढंच बघून ठरवतात. आमच्या घरात ही यंत्रणा बसवल्यापासून सगळे ऋतू होऊन गेले. यंत्र उत्तम आहे, पण तुमचं समाधान त्या आकड्यावर ठरत नाही. डक्ट, म्हणजे हवेचे पाइप, कशी टाकली आणि शेवटी प्रत्येक खोलीत हवा मोजली का, यावर ठरतं.

आत दोन पंखे असतात. एक स्वयंपाकघर, बाथरूम, टॉयलेटमधली दमट हवा ओढून बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची हवा गाळून हॉल आणि बेडरूममध्ये सोडतो. दोन्ही प्रवाह पातळ पत्र्यांच्या ठोकळ्यातून (एक्स्चेंजर) उलटसुलट दिशांनी जातात. हवा मिसळत नाही, उष्णता तेवढी पलीकडे जाते. बाहेर ० अंश, आत २० अंश आणि कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर आत येणारी हवा १६ अंशांची असते. बाहेर ४० आणि एसीमुळे आत २६ असेल, तर साधारण २९. म्हणजे हा हीटर नव्हे आणि एसीही नव्हे. तापवलेलं किंवा गार केलेलं वाया जाऊ न देणं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

फरक सगळ्यात जास्त जाणवला तो बेडरूममध्ये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. दार-खिडक्या लावून दोघं झोपलो की पहाटे आमचा मीटर २००० च्या वर जायचा. १००० पीपीएम ही चांगल्या हवेची मर्यादा जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच सुचवली होती. आता रात्रभर आकडा त्याच्या आत राहतो. सकाळचं जड डोकं गेलं आणि काचांवरून ओघळणारं पाणीही थांबलं.

हे सुख मात्र पहिल्या दिवसापासून मिळालं नाही. बसवणाऱ्यांनी बटण दाबलं, पंखे फिरले, झालं म्हणाले आणि गेले. हॉलमधल्या व्हेंटमधून (डक्टचं खोलीतलं तोंड) शिट्टी वाजत होती आणि टोकाच्या बेडरूममध्ये व्हेंटपाशी धरलेला टिशू पेपर हलतही नव्हता. मी पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा हवा मोजायचं उपकरण घेऊन दुसरा तंत्रज्ञ आला. त्याचं काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. व्हेंटवर नरसाळं दाबून धरायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मधली चकती अर्धा फेरा फिरवायची, पुढच्या खोलीत जायचं आणि पुन्हा पहिल्या खोलीत यायचं, कारण एक व्हेंट आवळलं की बाकीच्यांची हवा बदलते. बेडरूमचा आकडा तरीही वर येईना. छत उघडलं तर तुळईच्या मागे लवचीक पाइप वळणावर चेपलेला. तो बदलला, सगळे आकडे कागदावर लिहून घेतले, तो कागद यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवलेला आहे. असा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आवाजाचंही तसंच. यंत्र बेडरूमच्या पातळ भिंतीवर टांगू देऊ नका आणि डक्टमध्ये सायलेन्सर मागून घ्या. दोन खोल्यांना एकच डक्ट असेल तर एका खोलीतलं बोलणं दुसरीत ऐकू येतं. म्हणून मधल्या वितरण पेटीपासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र पाइप न्यावा. दारांखाली साधारण एक सेंटीमीटर फट हवी. नाहीतर बेडरूममध्ये आलेली हवा बाथरूमपर्यंत जाणार कुठून? आमची दारं चपखल बसवलेली होती, सगळी रंधून घ्यावी लागली. स्वयंपाकघरातली चिमणी या डक्टला जोडू नका, तेलकट थर आत बसतो.

घरालाच फटी असतील तर मात्र हा खर्च करू नये. हवा फटींतून आपल्या मनाने ये-जा करणार, मग उष्णता परत कशाची मिळवणार? जर्मनीत डार्मस्टाटमधल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसमध्ये (तापवायला-गार करायला अगदी कमी ऊर्जा लागणारं घर) १९९१ मध्ये लोक राहायला गेले. पॅसिव्ह हाउसच्या निकषांत यंत्राची किमान ७५ टक्के कार्यक्षमता तर आहेच, शिवाय चाचणीत ५० पास्कल दाबाला तासाभरात घरातल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त गळती चालत नाही. आधी घर हवाबंद, मग यंत्र.

एक गोष्ट मला खरोखर खटकते. कडक थंडीत घरातली हवा फार कोरडी होते, ओठ फुटतात. पंख्याचा वेग कमी केला की बरं वाटतं. पुन्हा घ्यायचं झालं तर मी ओलावाही थोडा परत देणारा, पापुद्र्याचा एक्स्चेंजर घेईन. दमट हवामानात एसी चालवणाऱ्यांनीही तोच बघावा, बाहेरचा दमटपणा त्याने कमी आत येतो.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळून चालत नाही. थंडीत ठोकळ्यात साचणारं पाणी नळीने बाहेर जातं. उन्हाळ्यात त्या नळीचा वाकडा भाग कोरडा पडतो आणि गुरगुर सुरू होते, तेव्हा त्यात पेलाभर पाणी ओतायचं. फिल्टर बदलायचा दिवा आमच्या यंत्रात नुसत्या घड्याळावर चालतो, मळ बघून नाही. त्यामुळे मी झाकण उघडून बाहेरच्या बाजूचा फिल्टर स्वतः बघते. पांढरा घातलेला फिल्टर काळपट राखाडी होऊन, घडीघडीत किड्यांचे पंख घेऊन निघतो. आतल्या बाजूचा तेव्हा बऱ्यापैकी स्वच्छ असतो, तो आणखी काही दिवस चालतो.