फिरत्या कलावंतांचे घर बांधून देणारा सोलापुरातील कारखाना

आम्ही पती-पत्नी भारूड आणि बाहुल्यांचे खेळ करतो व जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्येच संसार थाटून यात्रा-जत्रांच्या मागे फिरतो. ही गाडी राहण्याजोगी करण्याचे काम आम्ही सोलापुरातील एका बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडे सोपवले होते.

सर्वांत मोलाचे काम मागच्या दाराचे झाले आहे. मिस्त्रींनी त्याची फळी दोन साखळ्यांवर तोलून आणि कडेला लाकडी पट्टी ठोकून अशी बसवली आहे, की ती खाली सोडताच रंगमंच तयार होतो आणि ढोलकीचा ठेका कितीही चढला तरी पायाखाली हलत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत याच फळीवर आम्ही रोज खेळ केले. मांडव आणि खोली या दोन्हींचे भाडे वाचल्याने झोळीत पडलेले पैसे प्रथमच हातात उरले.

छताने मात्र निराशा केली. सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांच्या पुढे जातो हे ठाऊक असूनही उष्णता अडवणारा थर पातळ घातला गेला, आणि एप्रिलमध्ये दोन बाहुल्यांच्या चेहऱ्यांचा डिंक सुटला, याचे आम्हाला फार वाईट वाटले. तक्रार केल्यावर थर बदलून मिळाला, पण निम्मा खर्च आमच्यावर आला.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या रचनेतील बदलाला आरटीओची मान्यता लागते; ती कागदपत्रे कारखान्याने न मागता तयार करून दिली. काम देणाऱ्या कलावंतांनी छताच्या थराची जाडी अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्यावी.