मॅरियट बॉनव्हॉय: बिल कंपनीचं, पॉइंट माझे

ऑडिटच्या कामामुळे माझं निम्मं आयुष्य हॉटेलात जातं. सध्या बॉनव्हॉयमध्ये, म्हणजे मॅरियट हॉटेलांच्या नेहमीच्या पाहुण्यांसाठीच्या पॉइंट योजनेत, माझा दर्जा गोल्ड आहे. हे नाव 2019 मध्ये आलं; त्याआधी मॅरियट, रिट्झ-कार्लटन आणि स्टारवुड यांच्या योजना वेगवेगळ्या होत्या.

हिशेब सरळ आहे. वर्षाला 10 रात्री झाल्या की सिल्व्हर, 25 ला गोल्ड, 50 ला प्लॅटिनम. गोल्डला पॉइंट 25 टक्के जास्त मिळतात आणि खोली दुपारी दोनपर्यंत ठेवता येते, अर्थात रिकामी असेल तर! चारपर्यंतची सवलत आणि बऱ्याच ब्रँडमध्ये फुकट नाश्ता हवा असेल, तर प्लॅटिनम गाठावं लागतं. म्हणजे गोल्ड हे लग्नातल्या दुसऱ्या पंगतीसारखं: मान आहे, पण जिलेबी उरली तर.

पॉइंटवर राहायचं तर पाच रात्री एकदम घ्या, त्यातल्या सगळ्यात स्वस्त रात्रीचे पॉइंट लागत नाहीत. आम्ही घरच्या सहली अशाच बेतानं आखतो. मात्र कुठल्या हॉटेलला किती पॉइंट, याचा ठरलेला तक्ता 2022 पासून गेला. आता मागणीप्रमाणे पॉइंट कमी-जास्त होतात, दिवाळीच्या सुट्टीत तर बघायलाच नको. शिवाय 24 महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर साठलेलं सगळं बुडतं.

ओळख ठेवण्याचं म्हणाल, तर ती माणसावर असते. एका रिसेप्शनवरची मुलगी मला न विचारता लिफ्टपासून लांबची खोली देते. ॲपमध्ये मात्र ही आवड मी कधीची भरून ठेवलीये, कोणी वाचत असेल तर शपथ.

महिन्यातून चार-पाच रात्री बाहेर असाल तर सदस्यत्व जरूर घ्या. वर्षातून एकदा महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी सरळ स्वस्त दर बघावा.