दुखत नव्हतं, म्हणूनच फसलो

बाबांना मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या बुटात खडा शिरला आणि दिवसभर तिथेच राहिला. रात्री मोजा काढताना तो अंगठ्याखाली रक्ताने चिकटलेला आईला दिसला. बाबांना पत्ताच नव्हता.

इंदूरमधल्या आमच्या रामबागेपासून सरकारी एमवाय हॉस्पिटल काही फार लांब नाही. पण "तिथे गेलात तर पाय कापतील" असं सांगून ओळखीच्याच एकाने बाबांना घाबरवलं आणि शुगरच्या जखमा बऱ्या करणाऱ्या एका माणसाला घरी आणलं. ऑपरेशन नाही, शंभर टक्के गॅरंटी. एका डबीचे 3,200 रुपये, पावती नाही.

डबीतली राखाडी पूड तो जखमेत दाबून भरायचा, वरून तेल सोडायचा. चार दिवसांत वर काळी, टणक खपली धरली. दर खेपेला ती बोटाने दाबून विचारायचा, "बाबूजी, दर्द है?" बाबा नाही म्हणायचे. "मतलब आराम है." आणि आम्ही आनंदाने पुढची डबी घ्यायचो. शिवाय रोज चाला, रक्त फिरेल, असा त्याचा सल्ला. बाबा त्याच जखमेवर रोज दोन किलोमीटर चालत होते. सहा आठवडे, सहा डब्या.

मग थंडी वाजून ताप आला. सर्जननी आधी बाबांना डोळे मिटायला सांगितलं आणि 10 ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून कळतंय का विचारलं. बाबा एकदाही "हो" म्हणाले नाहीत. साखरेने पायाच्या नसा कधीच्याच बधिर केल्या होत्या, त्या माणसाने कितीही दाबलं तरी दुखणार नव्हतंच. खपली उचलली तसा पू आला, आणि वास. बोथट सळई आत घातली ती थेट हाडाला टेकली. अंगठा काढावा लागला.

अशी जखम भरायची तर मेलेली कातडी काढावी लागते, पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो आणि जखमेवर भार अजिबात पडू द्यायचा नसतो. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. नीट उपचार चालू असूनही चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर कुठेतरी चुकतंय असं समजून पुन्हा तपासणी करावी, असंही डॉक्टर म्हणाले. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करण्यावर तर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे.

त्या माणसाचा फोन आता बंद असतो. परवा आईच्या भजनी मंडळातल्या मावशींकडे मला तशीच डबी दिसली. त्यांनी पायाची पट्टी सोडून दाखवली. टाचेवर काळी खपली. मी विचारलं, "मावशी, दुखतं का हो?"

"मुळीच नाही गं."

तशीच रिक्षा बोलावली आणि त्यांना एमवायला घेऊन गेले.