पॅनो हेड, काही महिन्यांनंतर: मुख्यतः पुसल्या गेलेल्या आकड्यांबद्दल

पॅनो हेड म्हणजे पॅनोरामासाठी, म्हणजे एका जागेवरून फिरवत घेतलेले फोटो जोडून रुंद चित्र करण्यासाठी, ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं हेड. त्याच्या सरकपट्टीवर कॅमेरा पुढेमागे सरकतो, आणि या पट्टीवरचे 60 ते 90 मिमीमधले आकडे गेले. पुसट झाले असं नाही, गेलेच. मला लागतात ते नेमके हेच आकडे, कारण क्लॅम्प तिथेच सरकतो, तिथेच घासतो आणि तिथलीच शाई उडते. 0 ते 40 मधला भाग, जिथे माझी एकही लेन्स कधी येत नाही, तो अजून कोरा करकरीत आहे.

हेड किती वजन पेलतं, किती अंशांवर क्लिक होतं, हे तुम्ही विकत घ्यायच्या विचारात असाल तर वाचलेलंच असणार. ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, तक्रार अजून मिटलेली नाही. ग्राहक सेवेचं म्हणणं असं की ही ‘कॉस्मेटिक झीज’ आहे, वॉरंटीत बसत नाही. कॉस्मेटिक! मोजपट्टीवरचे आकडे म्हणजे काय नक्षीकाम आहे? आधी फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. बिल पाठवा म्हणाले, पाठवलं. मग सीरियल नंबरचा स्पष्ट फोटो मागितला. सीरियल नंबरसुद्धा छापीलच, आणि तोही अर्धा उडालेला.

एवढा त्रागा का, तर या हेडचं मुख्य काम एकच आहे. कॅमेरा फिरवताना अक्ष लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलमधून गेला पाहिजे, म्हणजे लेन्समध्ये समोरून डोकावलं की छिद्र जिथे असल्यासारखं दिसतं तिथून. नाहीतर जवळची वस्तू मागच्या वस्तूवरून सरकते आणि दोन फोटो कधीच नीट जुळत नाहीत. 24 मिमी लेन्स, 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, दर 30 अंशांवर एक फोटो, असा हिशोब करून बघा. पट्टी 3 मिमी चुकली तर मीटरभर अंतरावरची खुर्ची लांबच्या पार्श्वभूमीच्या तुलनेत साधारण सहा पिक्सेल सरकते. हेड न वापरता कॅमेरा थेट ट्रायपॉडवर लावला आणि अक्ष 80 मिमी मागे राहिला, तर तीच खुर्ची दीडशेहून जास्त पिक्सेल सरकते. सहा पिक्सेल म्हणजे फरशीची रेघ जोडावर तुटलेली दिसते. दीडशे म्हणजे खुर्चीला पाचवा पाय.

शिवाय प्रत्येक लेन्सचा आकडा वेगळा. झूम असेल तर प्रत्येक फोकल लेंग्थला वेगळा. तो एकदा शोधायचा, वहीत टिपायचा आणि पुढच्या वेळी पट्टी तिथे आणून घट्ट करायची, ही सगळी पद्धत छापील आकड्यांच्या भरवशावर चालते. शोधायची रीत साधी आहे. एक उभी वस्तू जवळ, एक लांब, दोन्ही एका रेषेत. कॅमेरा फिरवून ती जोडी आधी फ्रेमच्या डाव्या कडेला आणायची, मग उजव्या. दोन्हीकडे ती एकमेकांआडच राहिली की जागा सापडली. पण हे दर वेळी करायचं असेल तर पट्टीवर आकडे छापले कशाला?

शेवटी मीच उपाय केला. नवीन पट्टी सुटी मिळते, पण तिची किंमत ऐकून मी ती घेणार नाही हे तिथेच ठरलं. कंपासपेटीतलं करकटक घेतलं, स्टीलची पट्टी बाजूला धरली आणि मला लागणाऱ्या जागांवर अल्युमिनियममध्ये सरळ खाचा ओढल्या. 24 मिमीसाठी एक खाच, 50 साठी दोन, झूमच्या टोकांना तिरक्या. पांढरा रंग बोटाने खाचेत भरला आणि वरचा पुसून काढला. क्लॅम्पची कड खाचेला टेकली की नखाला कळतं, अंधारातही. म्हणजे आता हेड माझ्याकडे आलं तेव्हापेक्षा बरं आहे, आणि याचं श्रेय कंपनीला शून्य.

इथपर्यंत मजकूर लिहून बाजूला ठेवला होता. दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. मधल्या काळात लांबच्या डोंगररांगांचे मोठे पॅनोरामा करायला लागलो आणि मत थोडं हललं.

लांबच्या विषयाला ही पट्टी लागतच नाही. वरचाच हिशोब दोन किलोमीटरवरच्या कड्याला लावा. अक्ष 80 मिमी चुकलेला असला तरी सरक पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत. पुढ्यात झाड, कठडा, गवत काही नसेल तर आकडे असोत की नसोत, काही फरक पडत नाही. तिथे उपयोग होतो तो खालच्या फिरत्या चकतीचा, आणि ती चकती, नाइलाजाने कबूल करतो, उत्तम आहे. ठराविक अंशांवर अडणारी क्लिक ठाम बसते, मागेपुढे हलत नाही, थंडीत हातमोजे घालूनही जाणवते. 200 मिमीची लेन्स उभी धरली की फ्रेम जेमतेम 7 अंश रुंद. 90 बाय 30 अंशांचा देखावा टिपायचा तर 30 टक्के ओव्हरलॅप (शेजारचे फोटो एकमेकांवर येणारा भाग) धरून एकोणीस रकाने आणि चार ओळी, म्हणजे 76 फोटो. त्यात एक जरी जागा सुटली तर कळतं ते घरी आल्यावर. क्लिक मोजत गेलं की सुटत नाही. ढग पळत असतील तर ओळीने न जाता रकान्याने जा, वरून खाली, मग पुढचा रकाना. शेजारचे ढग निदान एकाच वेळचे राहतात.

बाकी पथ्यं सगळ्यांना ठाऊक आहेत: एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, मात्र काढाच. सूर्यापासून 90 अंशांवरचं आकाश त्याने सर्वांत गडद होतं, आणि रुंद पॅनोरामात मधोमध निळा डाग पडतो. तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये घालवत बसणं म्हणजे नुसती शिक्षा.

सॉफ्टवेअरवर मी एक पैसाही खर्च केला नाही आणि करणार नाही. फोटो जोडणारं हगिन फुकट आहे, सोर्स खुला आहे, आणि हेल्मुट डेर्श यांनी 1998 मध्ये सुरू केलेल्या पॅनोरामा टूल्सवर उभं आहे. विकतचं पीटीजीआय वेगवान आहे, नाही म्हणत नाही. पण ऑटोपॅनो या दुसऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरवर पैसे घातलेल्यांना विचारा. ते बनवणारी कोलोर कंपनी 2015 मध्ये गोप्रोने घेतली आणि 2018 मध्ये बंद करून टाकली. हगिनचा चेहरा रुक्ष आहे, पहिल्यांदा उघडलं की बंद करावंसं वाटतं. चिकाटीने कंट्रोल पॉइंटचा, म्हणजे दोन फोटोंत जुळवलेल्या समान जागांचा, तक्ता उघडा, ज्यांची चूक जास्त ते वर येतील असा लावा आणि सर्वांत वरचे पॉइंट बघा. बहुतेक ढगांवरचे नाहीतर हलत्या फांद्यांवरचे निघतात. ते उडवले की सरासरी चूक झपकन खाली येते. ढगांवरचे पॉइंट काढायला सेलेस्ट नावाची सोय आहे, बऱ्यापैकी चालते. चालता माणूस दोन फोटोंत दोनदा आला तर मास्क काढून एकदा पुसायचा. हगिनबरोबरचं एनब्लेंड जोड इतका साफ लपवतं की कुठे जोडलंय ते मला स्वतःला सापडत नाही.

निरभ्र निळं आकाश मात्र हगिनला झेपत नाही, कारण जुळवायला तिथे काही नसतंच. अशा वेळी त्या फोटोंच्या जागा अंशांच्या आकड्यांनी हाताने भराव्या लागतात, आणि हे आकडे येतात पुन्हा त्याच चकतीवरून. चकतीवरचे आकडे कोरलेले आहेत. मग सरकपट्टीवरचे कोरायला काय झालं होतं?

मोठ्या फाइलींबद्दल एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं. वरच्या 76 फोटोंतून जवळपास 52,000 बाय 17,500 पिक्सेलचं चित्र होतं, म्हणजे नव्वद कोटींच्या वर पिक्सेल. 16 बिटमध्ये ते साध्या टिफच्या 4 जीबीच्या मर्यादेत मावत नाही, बिगटिफ किंवा पीएसबी हे मोठ्या फाइलींचे प्रकार लागतात. जेपेगची एक बाजू 65,535 पिक्सेलच्या पुढे जात नाही, म्हणजे त्याच लेन्सने 120 अंश घेतले की जेपेगही संपलं. 2009 मध्ये ओबामांच्या शपथविधीचं 1,474 मेगापिक्सेलचं प्रसिद्ध चित्र डेव्हिड बर्गमन यांनी एका छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने घेतलेल्या 220 फोटोंतून केलं होतं, आणि ते जोडायला त्यांच्या लॅपटॉपला साडेसहा तास लागले होते. माझा जुना संगणकही रात्रभर घरघरतो. रॅम वाढवण्यापेक्षा टेंपररी फाइलींसाठी एसएसडी लावा, तेवढ्याच खर्चात जास्त फरक पडतो. बघायला मात्र पूर्ण फाइल उघडूच नका, छोट्या टाइल पाडून ओपनसीड्रॅगनसारख्या व्ह्यूअरमध्ये टाका.

एक जुनं दुखणं राहिलंच. 200 मिमी लावून वरची ओळ घेताना उभ्या बाहूचा नट वजनाने किंचित घसरतो. अर्धा अंश, फार तर एक. रबरी वॉशर घातला, मग फायबरचा घातला, तरी लेन्स जड असली की घसरतोच. सध्या वरच्या ओळीत ओव्हरलॅप 30 ऐवजी 40 टक्के ठेवतो आणि फोटो वाढले म्हणून कंपनीला दोन शिव्या जास्त देतो. कोणाला या नटाला बसणारा दातेरी वॉशर मिळाला असेल तर मापासकट सांगा.